इन्स्टाग्राम नंतर, आधी आज परत आलेली पुस्तकं

तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात नुकत्याच रुजू झालेल्या ग्रंथपालताईंनी विचारलंय: कार्यकारी मंडळाचं म्हणणं आहे की वाचनालयानं इन्स्टाग्रामवर यावं, तरुण पोरं तिथेच आहेत. फेसबुकवर एक पेज आहे, पण त्यावर जयंती-पुण्यतिथीला हार घातलेल्या तसबिरी सोडल्या तर काही नाही. काम करणारी माणसं अडीच. सुरुवात कुठून करावी, आणि यानं खरंच वाचक येतात का?

येतात. पण मंडळाला वाटतंय त्या वाटेनं नाही. मी सव्वीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे काढली, त्यातली निम्मी तरी एका हातात रजिस्टर आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून. तेवढ्यात एक गोष्ट पक्की कळली. ज्या पोस्टमुळे एखादं ठरावीक पुस्तक कपाटातून बाहेर पडतं, ती वाचनालयाची पोस्ट. ‘वाचाल तर वाचाल’चं रंगीत चित्र कुणीही टाकू शकतं, आणि टाकतंच.

इन्स्टाग्राम वर्षभर बाजूला ठेवा. आधी गुगल मॅप उघडून आपल्या वाचनालयाचं नाव शोधा. मॅप म्हणजे काही समाजमाध्यम नव्हे, हे मलाही कळतं. पण गावात नवीन बदली होऊन आलेला बँकेतला माणूस तुम्हाला शोधतो तो तिथेच. बहुतेक वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन सत्रांत उघडी असतात, आणि मॅपवर कुणीतरी ‘सकाळी ९ ते संध्याकाळी ७’ असं टाकून ठेवलेलं असतं. तो माणूस दुपारी दोनला येतो, कुलूप बघतो आणि परत कधी येत नाही. ती नोंद वाचनालयाच्या नावावर करून घ्या. दोन्ही सत्रांच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, फोन, दाराचा आणि आतल्या कपाटांचा एकेक फोटो, एवढं भरायचं. तासाभराचं आणि फुकटचं काम आहे.

मग व्हॉट्सॲप. आपल्याकडे सत्तरीचे आजोबा आणि अकरावीतली नात एकाच ठिकाणी सापडतात ते इथेच. पण सुरू करण्याआधी दोन गोष्टी. नंबर वाचनालयाचा हवा, वाचनालयाच्या नावानं घेतलेलं सिम आणि साधा फोन. स्वतःचा नंबर दिलात तर रात्री साडेदहाला ‘मॅडम, ते पुस्तक आलं का?’ सुरू होतं आणि निवृत्तीनंतरही थांबत नाही. दुसरं, व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात बंद वेळेत आपोआप जाणारं उत्तर लावता येतं, आणि नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. मी ‘वर्गणी’, ‘अनामत’, ‘वेळ’ आणि ‘मुदत’ अशी चार साठवली आहेत. तिरकी रेघ मारून शब्द लिहिला की अख्खा मजकूर येतो. दिवसाची पंधरा मिनिटं वाचतात.

ग्रुप करावा की चॅनल, हा प्रश्न सगळे विचारतात. मी ग्रुपनं सुरुवात केली आणि पस्तावले. पहिले दोन महिने छान गेले, मग शुभ सकाळ आली, मग आयुर्वेद आला, आणि विधानसभेच्या निवडणुकीत दोन जुने सभासद एकमेकांवर असे घसरले की त्यांतल्या एकानं वाचनालयात येणंच सोडलं. पुस्तकांवरून नव्हे, ग्रुपवरून! त्यात ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एका बाईंना त्यामुळे अनोळखी माणसाचे मेसेज यायला लागले, आणि त्यांनी नंबर दिला होता तो वाचनालयाच्या भरवशावर. त्या दिवशी ग्रुप बंद केला.

तिसरी सोय ब्रॉडकास्ट यादीची, म्हणजे एकच निरोप पुष्कळांना वेगवेगळा पाठवायचा. तिला २५६ जणांची मर्यादा आहे, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो, ही गोम पुष्कळांना माहीत नसते. वर्गणी भरायला आलेल्या माणसासमोरच ‘काका, हा नंबर जतन करा’ म्हणून दोन मिनिटं थांबायचं. व्हॉट्सॲप चॅनल आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये आले. त्यात अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि मर्यादेची कटकट नाही, पण उलट उत्तर देता येत नाही. म्हणून माझी मांडणी अशी: रोजचा निरोप चॅनलवर, त्याच्या तळाशी ‘पुस्तक राखून ठेवायचं असेल तर या नंबरवर लिहा’, आणि जे काही बोलायचं ते एकास एक. ग्रुप हवाच असेल तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा. सदस्यानं काही भलतं टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे खरं. पण कोर्टातून सुटलात तरी गावातून कुठे सुटता?

आता रोज काय टाकायचं. खरी मजा इथे आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

संध्याकाळी देवघेव आटोपत आली की टेबलाच्या डाव्या हाताला परत आलेल्या पुस्तकांची चळत असते. मागे कपाटांत हजारो पुस्तकं रचलेली असतात, आणि सभासद आधी हात घालतो तो या चळतीत. कुणीतरी नेलं, वाचलं आणि आणून दिलं, म्हणजे बरं असणार, असा साधा हिशोब. कुठल्याही ग्रंथपालाला हे माहीत असतं. मी फक्त त्या चळतीचा फोटो काढायला लागले. शीर्षक कायम एकच: ‘आज परत आलेली’.

पहिला फोटो वाया गेला. पुस्तकांना आपण प्लॅस्टिकची कव्हरं घालतो, त्यावर ट्यूबलाइट अशी चमकली की एक नाव वाचता येईना. दुसऱ्या दिवशी चळत दाराजवळच्या बाकावर नेली, तिथे उजेड आडवा येतो. तेव्हा लक्षात आलं की वर्गांकाची चिठ्ठी आपण कण्यावर नेमकी लेखकाच्या नावावर चिकटवली आहे. आणि जुनी, बाइंडरकडून बांधून आणलेली पुस्तकं तर कण्यानं कोरीच, नुसतं लाल किंवा हिरवं रेक्झिन. त्यांचं शीर्षकपान उघडून ठेवावं लागतं. म्हणून आता फोटोखाली नावं टाइप करते, प्रत्येकापुढे दाखल क्रमांक. टाइप केलेलं असलं की सहा महिन्यांनी कुणी शोधलं तरी सापडतं. फोटोतली अक्षरं तशी शोधता येत नाहीत.

पंधरा-वीस नावं, एक फोटो, दहा मिनिटं. पाचव्या-सहाव्या दिवशी पहिला मेसेज आला: ‘खालून चौथं माझ्यासाठी ठेवाल का?’ एक निवृत्त गुरुजी होते, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरीच असायचे. मुलगा ऑफिसातून येताना पुस्तक घेऊन गेला. त्या गुरुजींची वर्गणी सात महिने थकलेली होती, ती मुलानं न मागता भरली. तेव्हापासून नियम ठरवला. आधी लिहील त्याचं पुस्तक, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचं, आत नावाची चिठ्ठी, आणि नाही नेलं तर पुढच्याला. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’. परीक्षेत आपण सगळ्यांनी तो घोकला. मला तो कळला या चळतीवरून.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. एकदा गमतीत लिहिलं, ‘हे महाशय तब्बल चार महिन्यांनी घरी परतले!’ पुस्तकाबद्दलच होतं, नाव कुणाचंच नव्हतं. पण ज्यांच्याकडे होतं त्यांना ते लागलं. दोन-तीन मित्रांनाही माहीत होतं कुणाकडे होतं ते. माफी मागितली, तरी काही दिवस कानकोंडं झालं. कोण काय वाचतं आणि कोण कधी परत करतं, हे रजिस्टरच्या बाहेर जाता कामा नये. मुदत संपल्याची आठवण एकट्याला पाठवायची, ती सुद्धा ‘पुस्तक वाचून झालं असेल तर’ अशा सुरात. दंडाचा आकडा पहिल्या मेसेजमध्ये नको.

दुसरा प्रकार आठवड्यातून एकदा: कुणी न नेलेलं पुस्तक. प्रत्येक वाचनालयात अशी कपाटं असतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून आलेली, कुणी देणगी दिलेली, वर्षअखेरीला अनुदान खर्ची टाकायच्या घाईत घेतलेली. पुस्तक वाईट नसतं, त्याचं गिऱ्हाईक वाचनालयात येत नाही एवढंच. आमच्याकडे गोठ्यातल्या जनावरांच्या पावसाळी आजारांवर एक पातळसं पुस्तक होतं. मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी कोरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या अनुक्रमणिकेचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘लाळ्या-खुरकुताबद्दल पान इतकं ते इतकं.’ तो फोटो कुणी दूध सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. चौथ्या दिवशी शेजारच्या गावातून एक जण मोटारसायकलवरून आला. वाचनालयाची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढत होता. दारात चप्पल काढून विचारतो, ‘आत येऊ का?’ पुस्तक नेलं, आणि पुढच्या खेपेला मुलीला घेऊन आला. ती आता बालविभागाची सभासद आहे. त्या चिठ्ठीवर त्यानंतर अकरा तारखा पडल्या.

तेव्हा लिहिताना पुस्तकाची थोरवी सांगू नका, त्यात काय सापडेल ते सांगा. ‘गडकिल्ल्यांवरील अप्रतिम ग्रंथसंपदा’ यापेक्षा ‘पावसाळ्यात गडावर जाणार असाल तर ही तीन पुस्तकं, दोनांत नकाशे आहेत’ हे चालतं.

दिवाळी हा आपला हंगाम. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, आणि जवळजवळ प्रत्येक वाचनालयात वेगळी रक्कम भरून अंक बदलून नेण्याची योजना असते. वर्षभर न फिरकणारा माणूस या दिवसांत येतो. त्याला पकडायचं असेल तर ‘दिवाळी अंक योजना सुरू’ एवढा एक निरोप पुरत नाही. रोज ‘आज आलेले अंक’ टाका, आणि प्रत्येकाचं मुखपृष्ठ न दाखवता अनुक्रमणिका दाखवा. लोक अंक निवडतात ते आतल्या नावांवरून. मागणी जास्त आली की कोणता अंक कितव्या हातात आहे हेही विचारतात, त्याची तयारी ठेवा. संक्रांतीपर्यंत तुमचा फोन गरम असेल.

फेसबुकवर वेगळी माणसं आहेत. चाळिशीच्या पुढची आणि मुख्यतः गाव सोडून गेलेली: पुणे, ठाणे, बंगळुरू, न्यू जर्सी. ती तुमच्याकडे पुस्तक बदलायला येणार नाहीत, पण त्यांचे आईवडील गावात आहेत. आधी तुमचं ‘पेज’ खरोखर पेज आहे का ते बघा. पुष्कळ वाचनालयांनी ‘मित्र बना’ छापाचं वैयक्तिक खातं उघडलेलं असतं. त्याला पाच हजार मित्रांची मर्यादा आहे आणि संस्थेनं व्यक्तीच्या नावाचं खातं चालवणं फेसबुकच्या नियमातही बसत नाही.

तिथे टाकायच्या जुन्या गोष्टी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००८ मध्ये आपली तीनेक हजार जुनी छायाचित्रं फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवली, आणि लोकांनी ठिकाणं, माणसं ओळखून माहितीची भर घातली. हे आपल्याला अगदी जमण्यासारखं आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, त्यांच्याकडे खजिना असणारच. पण पन्नास वर्षांच्या वाचनालयाकडेही वार्षिक समारंभाचा एक धुरकट फोटो असतोच. आम्ही तसा एक टाकला आणि विचारलं, ‘मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण?’ तीन दिवसांत अख्खी रांग ओळखली गेली, भांडण फक्त एका टोपीवाल्यावरून झालं. नावं आली की ती लगेच कागदावर उतरवून फोटोच्या पाठीशी ठेवा. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, टिकटॉकवर २०२० मध्ये बंदी आली. तिथलं तिथेच राहतं.

अशा पोस्टनंतर ‘आमच्याकडची पुस्तकं वाचनालयाला द्यायची आहेत’ असे फोन येतात. आनंदानं हो म्हणू नका! घर विकायला काढलेलं असतं, आणि जुनी गाइडं, पंचवीस वर्षांपूर्वीच्या डायऱ्या, वाळवी लागलेली मासिकं, सगळं टेम्पोतून तुमच्या दारात येतं. आधी यादी किंवा कपाटाचे फोटो मागा, आणि निवड वाचनालय करील हे लिहून कळवा.

यूट्यूबचं थोडक्यात. व्याख्यानं होत असतील तर वक्त्याची लेखी संमती घेऊन टाका, आणि कॅमेऱ्यापेक्षा माइकवर पैसे घाला. पंख्याच्या आवाजात बुडालेलं व्याख्यान कुणी ऐकत नाही.

इन्स्टाग्रामबद्दल मंडळ अगदीच चुकीचं बोलत नाही, फक्त घाई करतंय. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीनं २०१८ मध्ये इन्स्टाग्राम स्टोरीजमध्ये चित्रांसह अख्ख्या कथा वाचायला दिल्या, त्याचं कौतुक जगभर झालं. त्यांच्या मदतीला जाहिरात संस्था होती. तुमच्याकडे अभ्यासिका आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून बसलेली असतात. आमच्या अभ्यासिकेत दोन वर्षं येणारा एक मुलगा मधलं दार ओलांडून पुस्तकांच्या बाजूला कधी आलाच नव्हता. त्याला वाटायचं, तिकडची वर्गणी वेगळी असेल. अशांपैकीच एखाद्या उत्साही मुलीला वर्षभरानं इन्स्टाग्राम द्या, आठवड्याला दोन रील, तिच्या भाषेत. पासवर्ड मात्र तिच्या एकटीकडे नको. शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाचं पेज असंच एका मुलानं उघडलं, मुलगा नोकरीला लागून गेला, पासवर्ड त्याच्यासोबत गेला, आणि पेजवर आजही जुन्या इमारतीचा पत्ता आहे. ॲडमिन कायम दोन: ग्रंथपाल आणि कार्यवाह. दाखल रजिस्टर, शिक्के आणि किल्ल्या जशा पदभाराच्या यादीत लिहितो, तसं हेही लिहा.

अभ्यासिकेतल्या मुलांकडून एक मागणी हमखास येईल: ‘मॅडम, पीडीएफ टाका ना.’ नाही. आपल्या कायद्यात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. तेही मूळ लेखन. एखाद्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा चित्रं त्यात येत नाहीत. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, चार ओळी इथवर थांबा. अख्खी कथा वाचून दाखवायची असेल तर प्रकाशकाला पत्र लिहा. छोटी वाचनालयं मागतात तेव्हा पुष्कळ जण आनंदानं हो म्हणतात.

बालविभागाचे फोटो पालकांच्या लेखी होकाराशिवाय नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालकच आहे. मोठ्यांसाठी सभासद अर्जावर एक ओळ वाढवा: ‘वाचनालयाचे निरोप व्हॉट्सॲपवर हवेत: होय / नको’. अनामत भरताना दिलेला नंबर म्हणजे होकार नव्हे.

आणि हे सगळं ठरावात आणा. मंडळाच्या पुढच्या सभेत विषय घ्या: फोन व रिचार्जचा खर्च, पोस्ट कोण टाकणार, काय टाकायचं नाही. ‘राजकीय, धार्मिक मजकूर व पदाधिकाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकू नयेत’ हे वाक्य ठरावात घालून घ्या. आत्ता सगळे हो म्हणतील. मार्चमध्ये अध्यक्षांचा वाढदिवस आला की तो कागद उपयोगी पडेल.

उपयोग होतो का हे मोजायचं तर लाइक बघू नका. देवघेवीच्या रजिस्टरला पेन्सिलनं एक बारीक रकाना आखा, मोबाइलवर बघून मागितलेल्या पुस्तकापुढे ‘मो’ लिहा. नवीन सभासदाला विचारा, कुठून कळलं. महिनाअखेरीला ‘मो’ मोजा आणि तो आकडा सभेपुढे ठेवा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात नऊ होते. कार्यवाह म्हणाले, एवढेच? मी म्हटलं, त्यातली चार पुस्तकं दहा वर्षांत पहिल्यांदा हलली आहेत.

वेळेचं म्हणाल तर रोज अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं फोटोला आणि वीस उत्तरांना. उत्तर त्याच दिवशी जायला हवं, ‘नाही, ते पुस्तक आपल्याकडे नाही’ एवढं असलं तरी. जे जमणार नाही ते सुरूच करू नका. आठवड्यातून तीनच दिवस फोटो टाकणार असाल तर वार ठरवून टाका, लोक त्या वारी वाट बघतात. आणि ती चळत दारापाशी नेऊन ठेवायचं काम दुपारी येणाऱ्या शिपाईदादांना सांगा. आमचे दादा आता स्वतःच पुस्तकं लावतात, मुखपृष्ठ चांगलं असलेलं सगळ्यात वर, आणि मी वेगळं काही वर ठेवलं तर खाली सरकवतात.